वेबिनारमागचे संगीत आणि त्याचे कागद

विक्रीसाठी घेतलेल्या वेबिनारमध्ये पार्श्वसंगीताला जागा तीनच. लोक जोडले जाईपर्यंतची आठ-दहा मिनिटे, मालाची चित्रफीत दाखवण्याचा किंवा वक्ता बदलण्याचा सांधा, आणि प्रश्नोत्तरे आटोपल्यावर ऑर्डरची लिंक पडद्यावर असते तो शेवट. वक्ता बोलत असताना मागे सतत काहीतरी वाजले पाहिजे, ही सवय जाहिरातींतून आली आहे. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत ते खपून जाते. तासाभराच्या बोलण्यात ऐकणारा कंटाळतो आणि का कंटाळला हे त्यालाही कळत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतून वायगावच्या हळदीसाठी असा वेबिनार घेतला, तर पुण्या-नागपूरचे गिऱ्हाईक येते ते हळदीबद्दल ऐकायला. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा भाव जास्त का, ती शिजवतात-वाळवतात कशी, भेसळ ओळखायची कशी, हे त्याला हवे असते. सुरुवातीच्या संगीताचे खरे काम साधे आहे. ते वाजत असले की ‘आवाज येत नाही’ हे निरोप वक्त्याने तोंड उघडण्याआधीच चॅटमध्ये पडतात आणि वेळेत निस्तरता येतात.

हे संगीत माइकसमोर स्पीकर ठेवून वाजवू नये. झूमसारखी यंत्रणा बोलण्याव्यतिरिक्तच्या आवाजाला गोंगाट समजून दाबते. तिचा पहिला बळी तानपुरा: एकसारखा चालणारा सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि समोरच्याला तुटक तुटक काहीतरी पोचते. पडदा शेअर करताना संगणकाचा आवाज सोबत पाठवण्याची सोय असते, तिच्यावर खूण करून फाइल थेट वाजवणे हाच मार्ग. बोलण्याखाली संगीत ठेवायचेच असेल, तर ते आवाजापेक्षा अठरा-वीस डेसिबल खाली असावे. व्यंजनांची स्पष्टता साधारण दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते आणि हार्मोनियम, शहनाई यांचा कस नेमका तिथेच लागतो. म्हणून बासरीचे खालचे सप्तक किंवा सरोदचा खर्ज जास्त सोसतो. शब्द असलेले गाणे मात्र नकोच. मराठी बोलण्यामागे मराठी गाणे लावले की कान दोन्हीकडे धावतो. शेवटची तपासणी भारी हेडफोनवर न करता साध्या मोबाइलच्या स्पीकरवर करावी, कारण बहुतेक गिऱ्हाइके तिथेच ऐकतात आणि पखवाजाचा सगळा भरदारपणा तिथेच नाहीसा होतो.

एवढे कसब कोणालाही महिनाभरात जमते. अडते ते परवान्यापाशी. एका गाण्यात निदान तीन हक्क एकावर एक बसलेले असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुकाराम महाराजांचे अभंग सर्वांचे आहेत. त्यांना श्रीनिवास खळे यांनी दिलेली चाल तशी नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत हक्काखाली राहतील. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजायची, आणि तो हक्क बहुधा कंपनीकडे असतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची पन्नास वर्षे १९९१ अखेर भरत आली, तेव्हा ती दहाने वाढवली गेली.

वर्धा जिल्ह्यात हा हिशेब रोजच्या कानावर पडणाऱ्या गोष्टींना लागतो. सेवाग्रामच्या प्रार्थनेशी जोडले गेलेले ‘वैष्णव जन तो’ हे नरसी मेहतांचे पद पंधराव्या शतकातले, त्याचे शब्द मोकळे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची गीते २०११ पासून मोकळी झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ला झाले. विदर्भातल्या गावोगावी त्यांची भजने म्हटली जातात, पण कायद्याच्या मोजणीने त्या रचना २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. खंजिरीचा ठेका मात्र कोणाच्याच मालकीचा नाही. राग, ताल, वाद्याची ढब यांना कॉपीराइट नसतो. कोणा एका वादकाने वाजवलेल्या भूपाच्या मुद्रणाला तो असतो.

पळवाटांबद्दलचे समज इतके पक्के झाले आहेत की ते नियमच वाटावेत. तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, हा त्यांतला सर्वांत लाडका. असा कोणताही आकडा कायद्यात नाही. दुसरा लग्नाचा. कलम ५२ने धार्मिक विधी, सरकारी समारंभ आणि वरातीसह लग्नाशी निगडित सोहळे यांना सूट दिली आहे. ती कुठवर ताणायची यावर गोव्यात वाद झाला आणि राज्य सरकारचे याबाबतचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केले. मंडपातल्या गाण्याचीच ही कथा असेल, तर हळद विकणाऱ्या वेबिनारने त्या सुटीकडे बघायलाच नको. रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी ठरलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवण्याचा वैधानिक परवाना आहे खरा, पण तो इंटरनेटवरच्या सेवेला लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात २०१९ साली म्हटले आणि २०२२ साली अपिलातही ते कायम राहिले.

वेबिनारची मुख्य अडचण अशी की, त्यात एकच सूर अनेकदा वापरला जातो. आधी तो थेट वाजतो. मग रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढते. त्यातला मिनिटभराचा तुकडा इन्स्टाग्रामवर जातो आणि दिवाळीच्या तोंडावर तोच तुकडा पैसे भरून जाहिरात म्हणून फिरवला जातो. परवाना या शेवटच्या वापरापर्यंत पुरणारा हवा. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देते. पण चित्राला जोडून मूळ मुद्रण वापरायचे तर, धंद्याच्या भाषेत सिंक करायचे तर, मुद्रणाच्या मालकाची वेगळी संमती लागते. प्रसिद्ध चित्रपटगीतासाठी त्या वाटेला लहान विक्रेत्याने जाऊच नये. वर्षाच्या हळदीतही तो खर्च निघायचा नाही.

तयार संगीताचे संग्रह हा सोपा पर्याय. यूट्यूबचा ऑडिओ संग्रह फुकट आहे, पण त्याची हमी यूट्यूबवरच्या व्हिडिओंपुरती समजावी, झूमवर ती गृहीत धरू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘अव्यापारी’ अट असलेला सूर विक्रीसाठी बाद. ‘फेरफार नाही’ अशी अट असलेला सूरही बाद, कारण चित्राला जोडणे हाच त्यात फेरफार धरला जातो. नुसते नाव देण्याची अट असेल तर शेवटच्या स्लाइडवर आणि व्हिडिओखालच्या मजकुरात नाव द्यावे. वर्गणीच्या संग्रहांत दोन ओळी नीट वाचाव्यात: वर्गणी थांबल्यावर जुन्या व्हिडिओंचे काय, आणि दुसऱ्याच्या धंद्यासाठी केलेले काम त्यात बसते का. वैयक्तिक वर्गणीवर गिऱ्हाइकाचा वेबिनार करून देणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक अटींत ते बसत नाही.

याहून बरा मार्ग गावातच असतो. भजनी मंडळातला हार्मोनियमवाला, संगीत शिकवणारा बासरीवादक, एखादा तबलजी यांच्याकडून दोन-तीन मिनिटांचा नवा तुकडा वाजवून घेता येतो. तो बिनजोड फिरावा म्हणून शेवटचा सूर पहिल्या समेवर आणून सोडायला सांगावे. समेची जाण असलेल्या वादकाला हे समजवावे लागत नाही. खर्च फार होत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या वेबिनारमध्ये तोच सूर ऐकू येत नाही. कागद मात्र हवाच. पैसे दिले की चाल आपली झाली, असे कायदा म्हणत नाही. कलम १९प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी, सहीनिशी व्हावे लागते. कोणती रचना, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे त्यात यावे लागते. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरता, आणि दुबईतल्या भाच्याने तेच रेकॉर्डिंग उघडले की प्रश्न उभा राहतो. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही संपतो, करारात वेगळे ठरले नसेल तर. हेच नियम थोड्याफार फरकाने परवान्यालाही लागू आहेत. २०१२च्या दुरुस्तीने रचनाकाराचा रॉयल्टीतला समान वाटा राखून ठेवला आणि वादक-गायकांनाही नावाचा हक्क दिला, तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असे एक वाक्य लिहून घेण्यात हशील नाही. वादकाचे नाव स्लाइडवर टाकायला काही पडतही नाही.

परवान्याची प्रत, पावती, उतरवून घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीच्या अटींचे छायाचित्र एका फोल्डरमध्ये वेबिनारच्या नावाने ठेवावे, कारण संग्रहांच्या अटी बदलत असतात. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ पासून चढवलेला आवाज आपल्या साठ्याशी ताडून पाहते आणि परवाना असलेल्या सुरावरही दावा लावू शकते. ती सूर ओळखते, कागद नाही. दाव्याला हरकत घेतली की समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. त्याने हरकत फेटाळून व्हिडिओ काढायला लावला तर चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे ठपका, येतो. नव्वद दिवसांत अशा तीन स्ट्राइक आल्या तर चॅनल बंद होऊ शकतो, तेव्हा कागद हाताशी नसताना हरकत घेऊ नये. एवढी दगदग नको असणारे रेकॉर्डिंग चढवताना सुरुवातीची दहा मिनिटे कापून वक्त्याच्या नमस्कारापासून व्हिडिओ सुरू करतात, आणि नंतर पाहणाऱ्याला ती दहा मिनिटे तशीही नको असतात.