राखून धावण्याची तालीम

जानेवारीतील तिसऱ्या रविवारी मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये धावण्याचा निश्चय मी केला, तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटलेली होती आणि जमिनीच्या नोंदी तपासणाऱ्या एका सरकारी दप्तरात माझी निम्मी हयात गेलेली होती. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे धावणाऱ्या आमच्या मंडळीत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही सारे काका म्हणतो आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात त्यांचा शब्द प्रमाण मानतो. माझा बेत त्यांच्या कानी घातला तेव्हा त्यांनी मला उत्तेजन दिले नाही, की परावृत्तही केले नाही. मुंबईच्या आधी साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन धावावी असे सुचवून त्यांनी दोन अटी तेवढ्या घातल्या. ते म्हणाले, “ताई, यवतेश्वरचा घाट चढताना शेजारच्याशी सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि उतरताना एकालाही मागं टाकायचं नाही. एवढं पाळून या, मग मुंबईचं बोलू.”

या अटींचा अर्थ त्या वेळी मला पुरता उमगला नव्हता. तथापि अर्धमॅरेथॉन म्हणजे मॅरेथॉनचे निम्मे, आणि जे निम्मे साधले त्याचे दुप्पट करणे एवढेच काय ते उरले, हा जो सर्वसामान्य समज आहे, तो त्यांना माझ्या मनातून काढून टाकायचा होता, हे आता मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारातील राजासनापर्यंत जे अंतर भरले, तेच पुढे 1921 मध्ये कायम करण्यात आले. शरीराच्या दृष्टीने पाहता या आकड्यात एक विलक्षण योग आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने जी शर्करा साठविलेली असते, ती सामान्य धावपटूला साधारणपणे तीस किलोमीटरांच्या आसपासपर्यंत पुरते, आणि तिथून पुढे, वाटेत काही खाल्ले नसेल व आरंभी वेगाचा अतिरेक झाला असेल तर, पाय शिशाचे होतात, बुद्धी मंदावते आणि उरलेली वाट संपता संपत नाही. एकवीस किलोमीटरांच्या शर्यतीत ही सीमा येतच नाही. तिथे आरंभी केलेली उधळपट्टी शरीर निमूटपणे सोसते, शेवटच्या रेषेवर पदकही मिळते, आणि आपण केले ते योग्यच केले अशी समजूत घेऊन माणूस घरी येतो. मॅरेथॉनमध्ये मात्र त्याच उधळपट्टीची वसुली होते. म्हणून पूर्वतयारीच्या शर्यतीत प्रश्न किती वेगाने धावलो हा नसतो, हाताशी असलेले बळ किती राखले हा असतो. आणि ही राखण्याची विद्या वेताळ टेकडीवर एकांतात धावून येत नाही, कारण एकांतात उधळपट्टीचा मोहच नसतो.

साताऱ्याची शर्यत 2012 मध्ये सुरू झाली. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरते. आणि त्याच वर्षी पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समाविष्ट झालेले कासचे पठार ज्या रस्त्याने गाठतात, त्याच रस्त्याने ती यवतेश्वरचा घाट चढून जाते व माघारी येते. आदल्या दिवशी मी साताऱ्यास मुक्काम केला तो मुंबईला जाताना जशी करावी लागणार होती तशीच सारी तजवीज करून: तेच जोडे, तेच मोजे, जे अंगाला घासतात काय हे दूरच्या पल्ल्यांत तपासून घेतले होते ते कपडे, रात्री लवकर घेतलेला वरणभात, आणि पहाटे अंधारात निघण्यापूर्वी एक केळे व थोडा चहा. तालमीच्या शर्यतीचा हा पहिला लाभ. परगावी, परक्या बिछान्यावर, उद्याच्या चिंतेने झोप चाळवलेली असताना शरीर काय मागते व काय नाकारते, याची कैफियत घरी बसून मिळत नाही.

शर्यतीचे पहिले चार-पाच किलोमीटर शहरातून जातात. समर्थ मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. लेझीम खेळणारी शाळकरी मुले, ढोल-ताशांची पथके, ओसरीवर पाट टाकून बसलेल्या वृद्ध स्त्रिया, हातात पाण्याची तांब्या-भांडी घेतलेली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे, आणि ओळखदेख नसताना प्रत्येक धावणाऱ्याला हाक मारून पुढे लोटणारा त्यांचा तो अकृत्रिम उत्साह. सातारकरांच्या या आतिथ्याबद्दल मी ऐकून होते. पण ऐकणे निराळे आणि त्या गजरातून आपण धावणे निराळे. पाय आपोआप उचलू लागले, हजारोंचा लोंढा पुढे ओढू लागला, आणि मनगटावरच्या घड्याळाने मी माझ्या ठरल्या वेगाच्या बरीच पुढे असल्याचे दाखविले. इतरांचा वेग हा आपला वेग नव्हे, हे वाक्य मी कितीदा तरी वाचले होते. त्याची सत्यता मात्र त्या ढोलाच्या आवाजात, आपल्याच पायांना आवर घालताना जो अंतर्गत विरोध अनुभवास येतो, त्यातून प्रथम कळली.

बोगदा ओलांडला, की घाट सुरू होतो. भाद्रपदातला तो दिवस होता. डोंगरावर धुके उतरले होते, रस्ता ओला होता आणि कड्यावरून ठिकठिकाणी पाणी ओघळत होते. पहिल्याच वळणावर अनेक तरुण जोराने पुढे गेले व दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर कमरेवर हात ठेवून चालताना दिसले. मी पावले आखूड केली, नजर दहा हातांवर ठेवली, आणि काकांच्या पहिल्या अटीनुसार शेजारून धावणाऱ्या एका मुलीशी बोलण्यास आरंभ केला. बोलता येणे ही कसोटी वरवर पाहता भाबडी वाटते. परंतु तिच्या मुळाशी शरीराचा एक पक्का नियम आहे. श्रम जोवर प्राणवायूच्या पुरवठ्याच्या आवाक्यात असतात, तोवर श्वास वाक्याला पुरतो. ते त्यापलीकडे गेले, की शर्करा झपाट्याने जळू लागते, रक्तात आम्लता वाढते, आणि माणूस एकेक शब्द तोडून बोलू लागतो. तुटलेले वाक्य हीच उधळपट्टीची पहिली सूचना होय, आणि ती देण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

ती मुलगी माण तालुक्यातली होती. आपल्याकडे पाऊस कसा कमी, रस्ते कसे मोकळे, आणि मोही गावच्या ललिता बाबर यांच्यामुळे तालुक्यातल्या मुलींना धावण्याची परवानगी घरातून कशी मिळू लागली, हे ती धापा न टाकता सांगत होती. ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिल्या आल्या आणि पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या, हा इतिहास मला वृत्तपत्रांतून ठाऊक होता. पण ज्या दुष्काळी मातीतून तो घडला, त्या मातीतले माणूस माझ्या बरोबरीने घाट चढत आहे, या जाणिवेने त्याला एक निराळेच वजन आले. दीर्घ पल्ल्याची धावपटू पुढे छोट्या अंतराकडे वळते व तिथे कीर्ती मिळविते, यावरून अंतरे ही एकमेकांची शिडी नसून प्रत्येकाची स्वतंत्र विद्या असते, हेही त्या चढणीवर माझ्या ध्यानात आले.

परतीच्या टप्प्यावर मी संत्र्याच्या फोडी, मीठ आणि खजूर घेतले. भूक नव्हती, तरीही घेतले, कारण धावताना खाणे हाही अभ्यासाचाच विषय आहे. पाय धावत असताना रक्ताचा मोठा वाटा स्नायूंकडे गेलेला असतो, जठर त्या वेळी अन्नाला अनिच्छेने सामोरे जाते, आणि ही अनिच्छा सवयीनेच कमी होते.

मग उतार लागला. धुके विरळ झाले, खाली सातारा शहर आणि त्यापलीकडे अजिंक्यतारा दिसू लागला, आणि चढणीवर मागे पडलेले कितीतरी जण वाऱ्यासारखे माझ्या अंगावरून निघून गेले. एकालाही मागे टाकायचे नाही, ही काकांची दुसरी अट पाळणे पहिलीपेक्षा शतपटीने कठीण गेले. श्वास मोकळा होता, गुरुत्वाकर्षण फुकटचा वेग देऊ करत होते, आणि दम वाचला आहे तर तो आता खर्च करावा, असा युक्तिवाद मन करीत होते. परंतु उताराचा हिशेब फुप्फुसांच्या खात्यावर पडत नाही, तो मांड्यांच्या खात्यावर पडतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो, आणि ताणले जात असताना भार पेलण्याच्या या क्रियेत त्याचे सूक्ष्म तंतू अधिक प्रमाणात फाटतात. वेदना मात्र त्या क्षणी होत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना प्रकट होते. एकदा अशी बेताची इजा सोसलेला स्नायू पुढे काही आठवडे तशाच श्रमाला पुष्कळ अधिक टिकतो, आणि म्हणूनच डोंगरी शर्यत ही सपाट मॅरेथॉनचीही उत्तम तालीम ठरते. अट एवढीच, की इजा बेताची राहावी. काकांनी मला वेगापासून परावृत्त केले होते ते या बेतासाठी.

शहरात परत शिरल्यावर उरलेल्या सपाट रस्त्यासाठी त्यांनी कोणतीच अट घातली नव्हती, आणि तिथे मी पायांना मोकळीक दिली. घाटात राखलेले बळ त्या शेवटच्या टप्प्यात सबंध हाती आले. चालू लागलेल्या अनेकांना मी ओलांडले, आणि हे करताना माझ्या मनात विजयाचा आनंद नव्हता, तर शिल्लक खरोखरच शिल्लक असते या प्रत्ययाचे समाधान होते. आयुष्यभर कागदावर शिल्लक काढणाऱ्या माझ्यासारखीला आपल्याच देहात ती मोजता यावी, याचे अप्रूप मी शब्दांत पुरते सांगू शकत नाही.

पुण्यास परतल्यावर काकांनी माझी वेळ विचारली नाही. चढावर कोणाशी काय बोलले, ते विचारले. वेळेवरून भाकित करण्याची रीत प्रसिद्ध आहे: पीट रिगेल या अमेरिकन अभियंत्याने मांडलेल्या सूत्रानुसार अर्धमॅरेथॉनच्या वेळेस सुमारे 2.085 ने गुणले, की मॅरेथॉनची अपेक्षित वेळ मिळते, म्हणजे दोन तास वीस मिनिटांच्या धावपटूने चार तास बावन्न मिनिटांची आशा धरावी. परंतु ते सूत्र पूर्ण बळाने, सपाट रस्त्यावर धावलेल्या शर्यतीसाठी आहे आणि पुरेशी तयारी गृहीत धरते. घाटातली आणि राखून धावलेली वेळ त्यात घालण्यात काही अर्थ नव्हता. मला जे हवे होते, ते आकड्यात नव्हतेच.

या संदर्भात मला फडेप्पा चौगुले यांचे स्मरण होते. 1919 मध्ये पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारी खेडुतांची पोरे सर दोराबजी टाटा यांच्या दृष्टीस पडली, आणि शास्त्रोक्त शिक्षण नसताना ही मंडळी इतक्या वेगाने धावतात हे पाहून त्यांनी पुढल्या वर्षी काही जणांना अँटवर्पच्या ऑलिंपिकला धाडण्याची खटपट केली. त्यांतील बेळगावचे चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. त्या पिढीजवळ सामर्थ्य होते, धैर्य होते. तयारीचे शास्त्र तेवढे नव्हते. आम्हा सामान्यांजवळ त्यांच्या सामर्थ्याचा अंशही नाही, पण ते शास्त्र आज कोणत्याही टेकडीवर कोणी काका विनामूल्य शिकवितात, आणि त्या ज्ञानाचा अव्हेर करणे हे कृतघ्नपणाचे होईल.

मुंबईबद्दल थोडक्यातच सांगते. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरांच्या पुढे पेडर रोडचा चढ येतो, आणि तिथे कसलेल्या धावपटूंचेही धैर्य खचते. तिथे मी पावले आखूड केली व शेजारच्या गृहस्थांना विचारले, “आपण कुठले?” वाक्य सबंध उमटले. त्या क्षणी मला कळले, की आज ही शर्यत पुरी होणार. आणि ती झाली.

आता आमच्या मंडळीत नव्याने येणारे कोणी पहिल्या मॅरेथॉनचा विषय काढते, तेव्हा मीही आधी एखादी छोटी शर्यत सुचविते. ती डोंगरी असली तर उत्तम, नसली तरी हरकत नाही. मात्र ती केवळ पायरी समजून बेफिकिरीने धावू नये. तिथेही कोणी गावकरी पहाटे उठून पाणी घेऊन उभा असतो, कोणाची ती आयुष्यातली पहिली व कदाचित सर्वांत मोठी शर्यत असते. तिला पूर्ण आदर द्यावा, पूर्ण बळ देऊ नये. हे दोन्ही एकाच वेळी ज्याला साधले, त्याने उरलेले निम्मे अंतर धावण्याचा अधिकार मिळविला असे मी खुशाल समजते.