सहा महिने नळीत

हिरव्या दोऱ्याचा परत का आला, ते लिहीत बसत नाही. ज्यांनी आणून सोडला त्यांची कारणं त्यांच्यापुरती खरी होती आणि ती ऐकून घेताना मी चहासुद्धा केला. निघताना ते गृहस्थ चपला घालता घालता म्हणाले, "शेवटी कुत्र्याचं शेपूट हो, मॅडम. नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." रागाने नाही म्हणाले. समजूत घालायच्या सुरात म्हणाले. माझी घालत होते की स्वतःची, ते कळलं नाही. ते गेले, म्हण माझ्याकडे राहिली.

हिरवा दोरा म्हणजे खरंच गळ्यातला हिरव्या लोकरीचा सैल दोरा. एका वेतातली पिल्लं सुरुवातीला सगळी सारखीच दिसतात आणि कुणाचं वजन वाढतंय, कुणाचं अडलंय हे तर रोज कळायला हवं. म्हणून प्रत्येकाला एकेक रंग, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळी एकेकाचं वजन. नावं मी ठेवत नाही. नाव नेणाऱ्यांनी ठेवायचं. हा गेला तेव्हा हिरवा होता, परत आला तेव्हा ब्रूनो. आता हिरवा म्हटलं तर ढिम्म हलत नाही आणि ब्रूनो म्हटलं की दाराकडे बघतो. त्यामुळे सध्या मी त्याला काहीच म्हणत नाही, नुसती चुटकी वाजवते.

आमची आजी ही म्हण सांगताना 'सहा महिने' म्हणायची. सहा महिने नळीत घातलं तरी वाकडंच. बारा वर्षं म्हणणारेही भेटतात, पण बारा वर्षं म्हणजे कुत्र्याचा जवळजवळ सगळा जन्म. तो प्रयोग कुणी केला असेल असं वाटत नाही. सहा महिन्यांत मात्र काहीतरी हिशेब आहे. कुणीतरी करून पाहिलं असावं. मग मी त्या माणसाचा विचार करू लागते. नळी कशाची घेतली त्याने? जुन्या घरात हाताशी असणारी नळी म्हणजे चुलीची फुंकणी. ती सहा महिने कुत्र्याच्या मागे अडकवली, तर तेवढ्या काळात चूल कशाने फुंकली? कुत्रं बसत कसं होतं? नळी मधूनमधून काढून बघायची, की एकदम शेवटी? आणि घरातल्या बाईने हे सगळं चालू कसं दिलं? सरळ शेपटाचं कुत्रं घेऊन त्याला करायचं काय होतं, हे तर कुठेच सांगितलेलं नाही. त्या माणसाच्या हट्टाबद्दल म्हण एक शब्द काढत नाही. हट्टी कोण ठरलं, तर शेपूट.

या म्हणकऱ्याने नुकती जन्मलेली पिल्लं पाहिली नसणार. आपल्याकडच्या गावठी कुत्रीची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचं शेपूट वाकडं नसतंच. आखूड, सरळ, खाली लोंबणारं. डोळे मिटलेले, कानही बंद. पहिले दोन आठवडे ती ना बघत, ना ऐकत. स्वतःहून लघवीसुद्धा करू शकत नाहीत, आईने चाटावं लागतं. आई नसेल तर कोमट पाण्यात बुडवलेला कापूस घेऊन ते काम आपण करायचं, आणि दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. अंगात ऊब धरून ठेवता येत नाही म्हणून कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. या सगळ्यात शेपूट म्हणजे नुसतं एक टोक. ते हलतसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर कधीतरी, पिल्लं उभी राहून धडपडायला लागली, एकमेकांना चावायला लागली, की ते हलतं. पाठीवर वळायला लागतं ते त्याही नंतर. म्हणजे आधी हलतं, मग वाकडं होतं.

आणि नेमकी त्याच सुमाराला माणसं पिल्लं बघायला येतात. हात पुढे करतात, पिल्लू बोट चावतं, सगळे हसतात, आणि कुणीतरी हळूच विचारतं, "शेपूट असंच राहील ना? वर वळणार नाही ना?" वर वळलेलं शेपूट म्हणजे गावठी, हे सोसायटीतल्या वॉचमनपासून सगळ्यांना कळतं. सरळ राहिलं तर 'लॅब मिक्स आहे' म्हणता येतं. मी सांगते, वळेल. काही जण तिथेच निरोप घेतात. त्यांचा मला राग येत नाही. शेपटावरून माघार घेतलेल्या माणसाने पुढे पार्वोच्या आजारात दवाखान्याचं बिल बघून ती घेतलीच असती.

शेपटावरून आठवलं. १९५९ साली सोव्हिएत रशियात, सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला, दिमित्री बेल्याएव या आनुवंशशास्त्रज्ञाने रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. ते गेल्यावरही ल्युडमिला त्रुत यांनी तो चालू ठेवला. फरसाठी पाळलेले कोल्हे होते. त्यांतले माणसाला कमीत कमी घाबरणारे, कमीत कमी चावणारे तेवढे निवडायचे, त्यांचीच पिल्लं वाढवायची, पुन्हा त्यांतून निवडायचं. शिकवायचं काहीच नाही. रंग, रूप, शेपूट यांकडे तर बघायचंच नाही. काही पिढ्यांत माणूस दिसला की शेपूट हलवणारे कोल्हे जन्मले. आणखी काही पिढ्यांत काहींचे कान लोंबते झाले, अंगावर पांढरे डाग आले, आणि काहींची शेपटं वर वळली. कुणी वळवली नव्हती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या म्हणीला परस्पर उत्तर मिळालं म्हणून मी फार खूश झाले होते. लांडग्याचं शेपूट खाली लोंबतं. कुत्र्याचं वळलं, ते आपल्याजवळ आल्यावर. तेव्हा ज्या वाकडेपणाला आपण त्याचा मूळ स्वभाव म्हणतो, तो आपल्याच संगतीचा परिणाम. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे ऐकवायचे. मग नंतरच्या संशोधकांचं वाचनात आलं: ते कोल्हे मुळात रानातले नव्हतेच. त्यांचे पूर्वज कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फर-फार्मांतून आलेले, तिथेही पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हाताखाली वाढलेले, आणि डागही काहींच्या अंगावर आधीपासूनच होते. तेव्हा सायबेरियात नवं काय घडलं आणि जुनं काय वर आलं, हे तितकं स्वच्छ राहिलं नाही. माझं ऐकवणं तेव्हापासून बंद आहे. निदान पाहुण्यांपुढे.

पण मग मी करते ते काय आहे? तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. तेव्हा जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही त्याची पुढे भीती. १९६१ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पिल्लांना आईबरोबर उंच कुंपणाच्या मैदानात ठेवून पाहिलं होतं. चौदा आठवडे ज्यांना माणसाचा सहवासच मिळाला नाही, ती नंतर माणसापासून दूरच राहिली. म्हणून माझ्या घरात त्या दिवसांत मुद्दाम सगळं चालू असतं. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, शेजारच्या मुलाचं क्रिकेट, छत्री उघडणं-मिटणं. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला दिसला की मी त्याला आत बोलावते आणि पिल्लाच्या पुढ्यात दोन मिनिटं बसवते, बिचारे बसतात. काठी टेकणाऱ्या आजोबांना वरच्या मजल्यावरून बोलावून आणते. पंचाईत अशी की लशीचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास, आणि डॉक्टर सांगतात तोवर रस्त्यावर उतरवू नका. खरं आहे, डिस्टेंपरने गेलेलं पिल्लू एकदा पाहिलेला माणूस त्यावर वाद घालत नाही. पण सोळाव्या आठवड्यापर्यंत ते उघडं मन बरंचसं मिटलेलं असतं. मधला मार्ग म्हणजे काखेत घेऊन फिरवा. मी प्रत्येकाला सांगते, जमिनीवर ठेवू नका पण जग दाखवा. हा काळ म्हणजे एक नळीच आहे, आणि ती माझ्या हातात आहे. माझ्या पिल्लांनी फटाक्यांना घाबरू नये, ताटात तोंड घालू नये, मुलांवर गुरगुरू नये. फुंकणीवाल्या माणसाला मी हसते, पण त्याला हवं होतं त्याहून हे काही फार वेगळं नाही. फरक असलाच तर एवढाच, की फुंकणीत ते शेपूट हलत नसणार.

हिरवा परत आल्यावर मी त्याला जवळ घेऊन पहिलं काय विचारलं असेल, तर "काय केलंस रे?" कुत्र्याला असं विचारण्यात काही अर्थ नसतो हे मला कळतं. पण मग आदिपर्व काढून बघितलं, तर तिथे हाच प्रश्न. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारं कुत्रं सगळ्यांना ठाऊक असतं. सुरुवातीचं पिल्लू फारसं कुणाच्या लक्षात नसतं. जनमेजयाचं कुरुक्षेत्रावर यज्ञसत्र चाललेलं असतं. तिथे सरमेचं, म्हणजे देवांच्या कुत्रीचं, पिल्लू येतं. राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आणि आई आधी काय म्हणते? तूच काहीतरी खोडी काढली असशील. पिल्लू सांगतं, मी हविर्भागाला तोंड लावलं नाही, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा उठते आणि थेट यज्ञमंडपात जाऊन विचारते, याने काही केलं नसताना का मारलंत? ते काहीच बोलत नाहीत. तेव्हा ती शाप देते, की ध्यानीमनी नसलेलं भय तुमच्यावर येईल. आणि राजा तेवढ्यावरून हवालदिल होऊन पुरोहित शोधत हिंडतो. एका कुत्रीने जाब विचारला म्हणून!

मी जाब विचारला नाही. विचारायला हवा होता असं माझी बहीण म्हणते, आणि रात्री अकराच्या सुमारास मलाही तसंच वाटतं. पण आणून देणारी माणसं ही त्यातल्या त्यात बरी माणसं असतात. ज्यांना आणून द्यायचं धाडस होत नाही ती गाडीतून लांब नेऊन कुठल्या तरी मंडईजवळ सोडतात आणि फोनवर 'मजेत आहे' सांगतात. आज आलेल्यांना मी फैलावर घेतलं, तर उद्याचे माझ्या दारी येणारच नाहीत. सरमेला हा विचार करावा लागला नाही. तिला पुढचं पिल्लू कुणाकडे पाठवायचं नव्हतं.

मग उरतं ते आधी पारखून घेणं. मी पुष्कळ विचारते. घर स्वतःचं की भाड्याचं, सोसायटीची काही कुरकुर आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर कुणाकडे ठेवाल. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही. २०१७च्या केंद्राच्या नियमांनी त्याआधी विकायला बंदीच आहे. मी विकत नसले तरी तेवढं पाळते. इतकं करूनही मला नेमकं काय शोधायचं असतं ते आता सांगता येत नाही. हिरव्याच्या माणसांची सगळी उत्तरं उत्तम होती. गच्ची, अंगण, घरी आजी, आधी कुत्रं पाळल्याचा अनुभव. उलट आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्या जोडप्याचं एकही उत्तर धड नव्हतं. एक खोली, तीही भाड्याची, दोघंही दिवसभर बाहेर. त्यांना मी नाहीच म्हणणार होते. बाईंनी विचारलं, "टेबलाखाली बसेल ना?" आणि का कोण जाणे, मी दिलं. ती मादी आता म्हातारी झाली आहे आणि टेबलाखालीच असते. यावरून गरिबांकडे कुत्रं सुखी असतं असा काही सिद्धांत निघत नाही. तसल्याच दुसऱ्या एका खोलीतून दोन महिन्यांत पिल्लू दिसेनासं झालं होतं.

लोक म्हणतात, लेक सासरी पाठवल्यासारखं वाटत असेल. नाही वाटत. लेकीला निदान आता विचारतात, तिला फोन करता येतो, दिवाळीला येता येतं. पिल्लाला यातलं काही नाही. आणि त्याची आई? तिला फार वाईट वाटत असेल असंही लोक धरून चालतात. दात आल्यापासून तिने त्यांना उभ्याने पाजलेलं असतं, नंतर नंतर गुरगुरून हाकललेलं असतं. पहिलं पिल्लू गेलं की काही आया दारापाशी हुंगत राहतात, काही पोतं मोकळं झालं म्हणून ताणून देतात. दोन्ही मी पाहिल्या आहेत. कुठलीला दुःख झालं हे मी ठरवत नाही.

या वेतातल्या दोन माद्या अजून माझ्याकडेच आहेत. नर सगळे आधी जातात. फोनवर पहिला प्रश्नच असतो, 'मेल आहे का?' मादी म्हणजे हीट, दाराशी जमणारे कुत्रे, मग पिल्लं, ही भीती खोटी नाही. पण नसबंदी झाली की तीही उरत नाही. कुत्रं घ्यायचं मनात असेल तर मादी न्या. ऑपरेशनचं मी बघते. मात्र बघायला याल तेव्हा घरातल्या सगळ्यांना घेऊन या; ज्यांना कुत्रं नको आहे, त्यांना तर नक्की.