परतीचा वेग

रोइंग मशिनवर नवीन माणूस बसला की त्याचा हात आधी डॅम्परच्या खटक्याकडे जातो आणि खटका थेट दहावर. दहा म्हणजे जास्त वजन, असा सरळ हिशोब. मी हे मशिन शिकवते, आणि माझं पहिलं काम तो खटका चार-पाचवर आणणं. बरेचजण हिरमुसतात.

डॅम्पर म्हणजे चाकाच्या पिंजऱ्यात हवा सोडणारी झडप. दहावर हवा जास्त शिरते, चाक लवकर मंदावतं आणि दर स्ट्रोकला ते नव्याने ओढून काढावं लागतं. नवख्याची कंबर धरते ती इथेच. शिवाय खटक्यावरच्या आकड्याचा भरवसा नाही. जाळीत धूळ साचलेल्या मशिनचा सात स्वच्छ मशिनच्या चारएवढाही भरू शकतो. म्हणून मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर बघावा. ११० ते १३० बहुतेकांना पुरतो. हँडल पुढे जात असताना चाक किती झपाट्याने मंदावतं, त्यावरून मॉनिटर हा आकडा काढतो. ड्रायसिगाकर बंधूंनी १९८१ साली अमेरिकेत व्हर्माँटमध्ये सायकलचं चाक लावून आपलं पहिलं मशिन विकायला काढलं, तेव्हापासून हवा हाच या यंत्राचा भार आहे.

आता खरं दुखणं. ओढायला सगळ्यांना आवडतं, परतायला कुणालाच नाही. ओढताना आधी पाय, मग कंबरेतून पाठ, शेवटी हात. हे चटकन कळतं. परतीला क्रम उलटा: हात सरळ, पाठ पुढे, हँडल गुडघ्यांच्या पुढे गेलं की मगच गुडघे मोडायचे. घाईत गुडघे आधी वर येतात, मग साखळी त्यांना ओलांडून न्यायला हँडल उचलावं लागतं. असा माणूस पुढे पोचतो तो ओणवा आणि विस्कटलेला. मग पायांनी ढकललं की सीट मागे पळते, हँडल जागीच राहतं. पायांची सगळी ताकद वाया. चूक ओढण्यात दिसते, पण ती घडलेली असते परतताना.

यावर माझा आवडता उपाय म्हणजे पायाचे पट्टे सोडून वल्हवणं. मागे गरजेपेक्षा जास्त रेललात किंवा परतताना पायांनी स्वतःला खेचलंत, तर पाय फूटप्लेटवरून लगेच सुटतात. मला ओरडावं लागत नाही. दुसरा उपाय कंटाळवाणा आहे: मिनिटाला अठरा-वीस स्ट्रोक, अर्धा तास, बोलता येईल इतपत जोरात. परतीला ओढण्याच्या दुप्पट वेळ. तरुण मुलं याला व्यायामच मानत नाहीत. तीस स्ट्रोक मारून घामाघूम होतात, आणि स्प्लिट तोच.

स्प्लिट म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ, आणि त्याचं गणित निर्दय आहे. लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. दोन मिनिटांच्या स्प्लिटला साधारण २०३ वॉट लागतात, १:५० ला २६३. दहा सेकंदांसाठी जवळजवळ तीस टक्के जास्त! म्हणूनच २,००० मीटरच्या चाचणीत पहिले ५०० उत्साहात मारणारा तिसऱ्या ५०० मध्ये कोसळतो. सुरुवातीला वाचवलेले चार सेकंद शेवटी दामदुप्पट फेडावे लागतात.

मशिन चांगलं चालवता आलं म्हणजे नाव चालवता आली, असं मात्र नाही. मशिन उलटत नाही, आणि थोराड माणसाला ते झुकतं माप देतं; पाण्यात तेच वजन नाव खाली दाबतं. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या नावेत, तेरावा आला. ते काम तोल सांभाळत, हलत्या पाण्यावर करायचं. माझे शिष्य अजून पट्टे सोडून दहा मिनिटं टिकत नाहीत.