छताला दोन भोकं

दोस्तांनो, भिंतीला भोक पाडणं म्हणजे काय मोठंसं काम, असं आपल्याला वाटतं. कॅलेंडर टांगायचंय? ठोक खिळा! पण तेच भोक सिमेंटच्या स्लॅबला पाडायचं म्हटलं की गोष्ट वेगळी होते. आणि घर रायगडच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या हाकेवर असेल, तर फारच वेगळी. कशी, ते सांगतो.

आमचं घर अलिबाग तालुक्यात, नारळी-सुपारीच्या वाडीत. पुढचा भाग जुना, कौलारू, जाड दगडी भिंतींचा. मागे एक स्लॅबची खोली आहे, माझ्या वडिलांनी बांधलेली. इंटरनेटची तार येते पुढच्या पडवीत, त्यामुळे राउटरही तिथेच. माझ्या बारावीतल्या पुतणीचं अभ्यासाचं टेबल मात्र मागच्या खोलीत. तिथे तिचे ऑनलाइन तास दर पाच मिनिटांनी अडकायचे. सरांचं तोंड उघडं आणि आवाज गायब! "काका, काहीतरी करा ना," असा तिचा रोजचा धोशा.

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच, बरं का. आकाशवाणीच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या असू शकतात. वाय-फायच्या फारच आखूड असतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण १२ सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्‌झची जेमतेम ६ सेंटिमीटरची. दगड, काँक्रीट, लोखंडी कपाट वाटेत आलं की त्या दमतात. ५ गिगाहर्ट्‌झची तर जास्तच. म्हणून उपाय असा, की भिंतीपलीकडे लहरी ढकलत बसण्यापेक्षा तिथपर्यंत तारच न्यायची आणि खोलीत दुसरं छोटं यंत्र बसवायचं. त्याला म्हणतात ॲक्सेस पॉइंट. ताटलीएवढं, अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजनाचं. गंमत म्हणजे त्याला वेगळा प्लग लागत नाही. वीज आणि माहिती एकाच तारेतून येतात.

ते छताला लावलं तर उत्तम. तिथून लहरी छत्रीसारख्या खाली पसरतात आणि कपाटं आडवी येत नाहीत.

सगळं ठरलं. आणि आजी आडवी आली!

"स्लॅबला हात लावायचा नाही," माझ्या आईने, म्हणजे पुतणीच्या आजीने, निक्षून सांगितलं. "तो स्लॅब आहे, नारळ नव्हे भोक पाडायला."

तिच्या म्हणण्याला कारण होतं. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा! आमची कौलं पत्त्यांसारखी उडाली. वाडीतल्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या. आम्ही सगळे त्या मागच्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो. डोक्यावर होता तो फक्त स्लॅब. आजी म्हणाली, "त्या दिवशी ह्यानेच राखलं आपल्याला. आणि माझ्या माहेरी मुरुडला बाल्कनीचा तुकडा कसा पडला, विसरलास? आतला गज गंजून फुगला होता."

पुतणी हिरमुसली. तिला वाटलं, झालं, आता वर्षभर असंच. पण तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, "आजी, गज कसा काय फुगतो?" आणि आमचा तिघांचा अभ्यास सुरू झाला.

काँक्रीटमध्ये लोखंडी गज असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काँक्रीट दाबाला दणकट, पण ताणाला कच्चं. स्लॅब मधोमध किंचित वाकतो तेव्हा त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथले गज खालच्या बाजूला असतात. म्हणजे आपल्या डोक्यावर, अगदी जवळच! काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्यात गजावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. पण खाऱ्या हवेतलं मीठ दमटपणाबरोबर झिरपत आत पोचलं की तो थर तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला ढकलून फोडतो. आजीचं 'गज फुगतो' हे शंभर टक्के शास्त्रीय होतं!

गजाखालच्या काँक्रीटच्या जाडीला बांधकामवाले 'कव्हर' म्हणतात. २००० सालच्या भारतीय मानक ४५६ मध्ये ते किती असावं हे दिलंय. स्लॅब एरवी घराच्या आत सुरक्षित असेल तर किमान २० मिलिमीटर. पण किनाऱ्यावर, आडोशाला असला तरी ३० मिलिमीटर. आणि उघड्यावर असेल तर ४५. हे कव्हर म्हणजे गजाचा रेनकोटच. त्याला भोक पाडायचं तर कमीत कमी आणि गजापासून दूर.

पण गज दिसणार कसा? इथे अलिबागचंच उदाहरण मदतीला आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार, असं ठरलं. विजेमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडली असती. म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली. तिची इमारत पारखून घेतलेल्या, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरच्या दगडाची बांधली, कारण लोखंड जवळ असलं की चुंबकमापक चुकतो.

जो चुकतो, तोच आपल्याला लोखंड दाखवणार! बहुतेक स्मार्टफोनमध्ये दिशा कळायला एक छोटा चुंबकमापक असतो. आमच्याकडे पृथ्वीचं चुंबकत्व चाळीसएक मायक्रोटेस्ला भरतं. पुतणीने फोन छताला टेकवून हळूहळू सरकवला. आकडा ठरावीक अंतराने चढायचा, उतरायचा. जिथे एकदम बदलायचा तिथे मी खडूने खूण करत गेलो. तासाभरात छतावर चौकटीच चौकटी! आजी खालून बॅटरी धरून उभी होती. चौकटी बघून म्हणाली, "बरं. मधल्या जागेत पाडा. दोनच हं!"

मग गावातले वायरमन आले. त्यांनी आधी विचारलं, "पंख्याची पाइप कुठून गेलीय?" कारण स्लॅबमधून विजेची तारही जाते. पंख्यापासून स्विचबोर्डापर्यंतचा पट्टा सोडून जागा ठरली. खोलीची वीज बंद केली, ड्रिलला पलीकडच्या खोलीतून दिली. गिट्टी २५ मिलिमीटरची, म्हणून बिटावर ३ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावली. पट्टी टेकली की थांबायचं. बिटाभोवती भोक पाडलेली करवंटी उलटी धरली, म्हणजे भुकटी डोळ्यांत जात नाही. चष्मा होताच. आवाज खणखणला आणि बिट पुढे सरकेना, तर समजायचं गज आलाय. जोर न करता जागा बदलायची. सुदैवाने तसं झालं नाही.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि भोकाच्या तोंडाशी सिलिकॉन, म्हणजे दमट हवा आत जायला नको. तार स्लॅब न खोदता केसिंगपट्टीतून वरूनच नेली. एवढंसं यंत्र दोन गिट्ट्यांवर आरामात राहतं. पंखा मात्र असा कधी टांगू नका हं! त्याचा हूक गजांना बांधूनच स्लॅब ओततात.

त्या संध्याकाळी पुतणीचा तास पूर्ण झाला. एकदाही न अडकता! आजीने अट घातलीय, दर वर्षी मे महिन्यात त्या दोन भोकांभोवती तांबूस डाग दिसतो का, ते तिला बॅटरीने दाखवायचं. ते काम पुतणीकडे आहे.

दोस्तांनो, तुमच्या घरी असं काम निघालं तर ड्रिल मोठ्यांच्या हाती असू दे. पण फोन घेऊन गज शोधण्याचं काम मात्र तुम्ही मागून घ्या. आणि घरातलं कुणी "नको" म्हणालं तर लगेच हट्टाला पेटू नका. आधी विचारा, "का नको?" कधीकधी त्या उत्तरातच काम कसं करायचं ते सापडतं.