चढत्याला वाट

परतवाड्याला येणारा रस्ता आणि परतवाड्याहून पुढे जाणारा रस्ता यांचे नाते एकाच घरातल्या दोन भावांसारखे आहे. एक सरळमार्गी, दुसरा वाकडा. अमरावतीहून निघावे, वलगाव, आसेगाव मागे टाकावे. पन्नासेक किलोमीटर काळ्या रानातून आणि संत्र्यांच्या बागांच्या कडेने गाडी अशी सुतासारखी धावते की चालकाला जांभई यावी. मग लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या लागतात, ओल्या सागवानाचा वास नाकात शिरतो आणि समोर सातपुडा आडवा उभा राहतो. येथून एक वाट धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढते. दुसरी घटांग, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला आणि तेथून मध्य प्रदेशात जाते. वऱ्हाडच्या सपाटीत शिकलेली विद्या या गावापर्यंतच पुरते.

सपाटीवर चांगला चालक कोण? लवकर पोचवील तो. घाटात चांगला कोण, हे मला आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी सांगितले. उभी हयात त्यांनी एस.टी.ची गाडी चालवली. धारणीचा रस्ता त्यांना वळणावळणाने पाठ आहे. प्राध्यापक घाटात स्वतः गाडी घालणार म्हटल्यावर ते ओट्यावर सरसावून बसले.

"सर, ज्या गेअरमंदी चढली, त्याच गेअरमंदी उतरवा. ब्रेकले उलसा आराम द्या."

यामागचे शास्त्र सोपे आहे. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला की तो तापतो, फार तापला की धरेनासा होतो. आणि ज्या वेळी त्याची खरी गरज असते, नेमक्या त्याच वेळी पाय नुसता खाली जातो. खालच्या गेअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. काही शहाणे पेट्रोल वाचवायला गाडी मोकळी सोडून उतरतात. त्यांचे पेट्रोल किती वाचते ते त्यांचे त्यांना ठाऊक!

पण हे झाले कौशल्य. गृहस्थांचा खरा भर होता तो रीतीवर.

"अन् चढत्याले वाट देजा. चढनारा थांबला का त्याचं सारं बळ मोडते. उतरनारा थांबला तं काय जाते? दोन मिन्टं!"

हा नियम काही त्यांच्या पदरचा नव्हे. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे १९८९ च्या केंद्रीय नियमांतच लिहिले गेले. मला मात्र त्यात आमची पांदण दिसते. पांदणीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की रिकाम्या गाडीने चाकोरी सोडायची, भरलेलीने नाही. कास्तकाराच्या पोराला हे शिकवावे लागत नसे. मान गाडीवानाचा नव्हे, ओझ्याचा. स्वित्झर्लंडमध्ये तर काही घाटरस्त्यांवर टपालखात्याच्या पिवळ्या बसला कायद्यानेच मान आहे. ती वळणावर तीन सुरांचा भोंगा वाजवते आणि समोरासमोर आल्यावर बसचालक सांगेल तसे इतरांनी मागेपुढे व्हायचे. आमच्या लाल बसला अशी सनद नाही. तिला वळणावर सगळा रस्ता लागतो हे ओळखून वळणाच्या अलीकडेच थांबणारा एखादा भेटला, तर तो घाटातला जुना माणूस समजावा.

वळणावर भोंगा वाजवावा हे खरे. पण मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. कारण नसताना भोंगा बडवीत जाणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून आरडाओरडा करणे. रात्री दिवा पुरतो. समोरच्या गाडीचा उजेड तिच्याआधी वळणावर येतो. धुक्यात मात्र मोठा दिवा लावू नये, उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

आणखी एक रीत मला फार आवडली. चढावर गाडी बंद पडली की चाकामागे दगड लावायचा आणि मागेपुढे पन्नास पावलांवर झाडाचा डहाळा टाकायचा. दुरुस्ती झाल्यावर दगड आणि डहाळा दोन्ही उचलायचे. दगड रस्त्यात सोडून जाणाऱ्याबद्दल आमचे गृहस्थ जे शब्द वापरतात ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

हा रस्ता करायला काय पडते, हे १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी अनुभवले. गाविलगडावर उत्तरेकडून मारा करण्यासाठी त्यांच्या फौजेने जड तोफा डोंगरदऱ्यांतून तीसेक मैल हातांनी ओढल्या, आधी स्वतःच वाट करीत करीत. १५ तारखेला गड पडला. आज त्याच डोंगरात आपण तासाभरात चढतो आणि वर पोचल्यावर कणसे कुठे चांगली मिळतात याची चौकशी करतो.

त्यात वावगे काही नाही. पावसाळ्यातल्या रविवारी अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची रांग लागते, पोरेबाळे हरखतात. पण दरी छान दिसली म्हणून ऐन वळणावर गाडी उभी करून आख्खे कुटुंब छायाचित्राला उभे राहते, तेव्हा हा रस्ता आणखी कुणाचा आहे हे विसरायला होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी बसला अपघात होऊन प्रवासी दगावले, तेव्हा चार दिवस सगळ्यांना घाट आठवला.

मेळघाटातल्या कोरकू पाड्यांवरची अडलेली बाळंतीण किंवा अत्यवस्थ मूल धारणीला आवरेनासे झाले की अमरावतीला धाडतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाट हीच. गेल्या श्रावणात घटांगच्या अलीकडे आमच्यापुढे दहा-बारा गाड्या खोळंबल्या होत्या. वळणावर दोन मोटारी समोरासमोर अडल्या होत्या. मागे कोण घेणार यावर वाद चालला होता. चढणाऱ्याचे म्हणणे नियमाचे, उतरणाऱ्याचे म्हणणे असे की त्याच्या मागे रांग आहे. त्या रांगेत शेवटी पांढरी रुग्णवाहिका होती. तिचा दिवा फिरत होता, भोंगा नव्हता. आमच्या गृहस्थांना मी बरोबर घेतले होते. ते खाली उतरले आणि चढणाऱ्यालाच म्हणाले,

"बाप्पा, नियम तुमचाच हाय. पन मांगं बाई हाय. घ्या मांगं."

मग एकेका गाडीला हाताने खुणा करीत त्यांनी ती कडेला लावली. बारा मिनिटे गेली. रुग्णवाहिका शेजारून गेली तेव्हा मागच्या काचेतून एका म्हातारीचा हात दिसला, वरची सलाइनची बाटली धरलेला. आमचे गृहस्थ ती वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले, मग रस्त्यात कुणीतरी टाकलेला दगड उचलून नालीत टाकला आणि गाडीत येऊन बसले.