परभणीची हिरवी वाट

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कुठे जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा भाव. प्रभावती देवीच्या नावावरून या गावाला प्रभावतीनगरी म्हणत. बाजारपेठेत शिरलात तर इतर गावांसारखीच गर्दी आणि धूळ दिसेल. पण कृषी विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलात, की दुतर्फा झाडे, फळबागा आणि दूरवर काळ्या रानातले प्रयोगाचे पट्टे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची बाग म्हणावी ती हीच.

हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. मोत्यासारख्या टपोऱ्या, शुभ्र दाण्याची ‘परभणी मोती’ ज्वारी इथलीच. केवड्याने भेंडीची शेतेच्या शेते पिवळी पडत, त्या काळी रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडीही इथलीच.

जायचे केव्हा? १८ मेच्या सुमारास खरिपाचा मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या सुमारास रब्बीचा. मे महिन्यात गेलात तर मातीचा नमुना बरोबर न्या. शेतात आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या, ती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. सप्टेंबरमध्ये गेलात तर कापूस, सोयाबीन, तूर उभी दिसेल. शेजाऱ्याने लावले म्हणून आपणही लावले, आणि वर्ष हातचे गेले, असे किती घरांत झाले आहे! बियाण्याची पिशवी घेण्याआधी पीक डोळ्यांनी पाहा. रोगट पान नेऊन दाखवा, विचारायला लाजू नका.

घरच्या बायकांना मागे ठेवू नका. पेरणी, खुरपणी, वेचणी त्यांच्याच हातून होते. बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवरही इथे काम चालते. ती अवजारे त्यांनी स्वतः हाताळून पाहावीत.

एक दिवस हाताशी असेल तर परळीच्या रेल्वेने गंगाखेडला जा. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान. दळणकांडणात विठ्ठल पाहणारी ही माउली आपल्याच घरातली वाटते. उत्तरेला जिंतूरकडे निघालात, तर सपाट काळे रान सरून मुरमाड टेकड्या लागतात. तिथे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, आणि जिंतूर तालुक्यातच चारठाण्याची जुनी दगडी मंदिरे. एकाच जिल्ह्यात जमीन किती बदलते, ते वाटेवरच कळेल.

घरी आल्यावर हीच गोष्ट ध्यानात ठेवा. विद्यापीठाचे रान वेगळे, तुमचे वेगळे. पसंत पडलेले वाण पहिल्या वर्षी चार गुंठ्यांतच पेरा. तुमच्या मातीत ते साधले, तर पुढच्या वर्षी खुशाल वाढवा. नाही साधले, तरी घरची ज्वारी घरात असेल.