देवगिरी ते बुद्ध लेणी : एका दिवसाची धम्मसहल

सहल म्हटली की आपल्या वसाहतीतून बस निघते ती एखाद्या धरणाकडे, नाही तर बागेकडे. मुले घसरगुंडी खेळतात, बायामाणसे डबे सोडतात, संध्याकाळी सर्व घरी. त्यात वाईट काहीच नाही. परंतु आमच्या विहार समितीच्या बैठकीत यंदा एका उपासिकेने विचारले, "वेरुळ इथून दोन-अडीच तासांवर. लेकरांना एकदा तरी दाखवणार का नाही?" आणि तेथेच ठरले. जानेवारीतला एक रविवार, एक बस, माणशी साडेचारशे रुपये वर्गणी, लहान मुले मोफत. जालन्याहून पहाटे निघायचे, दौलताबादचा किल्ला, वेरुळची लेणी आणि परतताना औरंगाबादची बुद्ध लेणी पाहून रात्री घरी यायचे. बरोबर माहिती सांगणारा गाईड घ्यायचा, हेही ठरले. कारण नुसते दगड पाहून येण्यात अर्थ नसतो.

या वाटेला आपल्या चळवळीच्या दृष्टीने मोठा इतिहास आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९३४ साली बाबासाहेब डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह याच वाटेने गेले होते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली, बाबासाहेबांनी होकार दिला आणि काहीही झाले तरी वेरुळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. मंडळी सुमारे तीस. नाशिकहून बसगाड्या आणि मोटारी करून येवल्यामार्गे ती निघाली. त्याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे घोषणेच्या एक वर्ष आधी बाबासाहेबांची पावले वेरुळच्या बुद्धमूर्तींकडे वळली होती. हे मनात ठेवून या वाटेने गेले म्हणजे प्रवास वेगळाच होतो.

शहरात (पूर्वीचे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) आमचा गाईड गाडीत चढला. पंचविशीतला मुस्लीम तरुण, त्याच भागातला, मराठी अगदी स्वच्छ. शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद. सपाट माळावर एकटाच उभा असलेला तो डोंगर दुरूनच दिसतो. याचे मूळ नाव देवगिरी. यादवांची ही राजधानी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने रामदेवरायावर स्वारी करून येथून अमाप लूट नेली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली आणि नाव ठेवले दौलताबाद. पुढे बहामनी, निजामशाही, मोगल आणि अखेर हैदराबादचे निजाम असे धनी बदलत गेले.

गाईड मन लावून सांगत होता. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारांवर ठोकलेले लोखंडी खिळे, पंधराव्या शतकातला उंच चांदमिनार, मेंढा तोफ, डोंगराचा कडा तासून खोदलेला खंदक. मुलांना सर्वांत आवडली ती अंधारी. कातळाच्या पोटातून वर जाणारा, वळणे घेणारा काळाकुट्ट मार्ग. आत शिरलेल्या शत्रूला दिशाच समजू नये, अशी योजना. गाईडने मोबाईलचा उजेड बंद केला तेव्हा मुले एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली आणि उजेड होताच खिदळली.

अंधारीच्या आधी, हत्ती हौदाजवळ आम्ही टेकलो होतो. हा किल्ल्यातला प्रचंड मोठा हौद. गाईडने त्याची लांबी-रुंदी सांगितली, हौद कुणी बांधला असावा तेही सांगितले. १९३४ साल मात्र त्याच्या माहितीत नव्हते. आमच्यापैकी एक कार्यकर्ता हळूच म्हणाला, "ती गोष्ट गाडीत बसल्यावर सांगू. हा पोरगा मुसलमान आहे, उगीच त्याला वाईट वाटेल." आमच्याबरोबर निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी होते. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आपण लपवायचं कशाला? कुणाला दुखवायला सांगायचं नाही, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून झाकायचंही नाही." आणि मुलांना जवळ बसवून त्यांनी सर्व सांगितले.

बाबासाहेबांच्या गाड्या येथे पोहोचल्या तेव्हा रमजानचा महिना चालू होता. प्रवासाने सर्वांची तोंडे, कपडे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक लहानसे तळे, काठोकाठ भरलेले, भोवती दगडी फरसबंदी. काहींनी तेथे हातपाय, तोंड धुतले. मंडळी दरवाजाशी येऊन आत जाण्याची परवानगी विचारत होती, तोच पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध ओरडत आला. अस्पृश्यांनी तळे बाटविले, असा त्याचा आरोप. बघता बघता गर्दी जमली, शिव्यागाळी सुरू झाली, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. आपल्यातल्या एकाने उलट विचारले, हीच का तुमच्या धर्माची शिकवण? उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या तळ्यावर अडवाल का? त्यावर कुणाला उत्तर देता आले नाही. बाबासाहेबांनी पहारेकऱ्याला संतापून विचारले, आम्हाला आत जाता येईल की नाही ते सांगा. चिठ्ठी आत गेली. निरोप आला, की किल्ला पाहा, परंतु आतल्या पाण्याला कोठेही हात लावायचा नाही. आणि तसा हात लागू नये म्हणून एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला.

कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस. आणि त्याच्यामागे शिपाई, पाण्याला शिवू नये म्हणून!

गुरुजी पुढे म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्या आधी सातच वर्षं, २० मार्च १९२७ला, महाडला चवदार तळ्यावर काय झालं? तिथं आपल्या लोकांना काठ्यांनी मारणारे आणि नंतर शेण-गोमूत्रानं तळं शुद्ध करणारे सवर्ण हिंदू होते. इथं दुसरे होते. जात एका धर्माच्या घरात राहत नाही. शेजाऱ्यालाही लागते. म्हणून भांडण जातीशी, माणसाशी नाही."

महाडच्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. आणि पुढे संविधान लिहिताना विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणताही निर्बंध घालता येणार नाही, हे कलम १५ मध्ये स्पष्ट शब्दांत आले. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. आमच्या मुलांनी ही कलमे शाळेत पाठ केली आहेत. त्या हौदाच्या काठावर बसून मात्र त्यांना 'तळी' हा शब्द त्या कलमात का आहे, ते समजले.

गाईड खाली मान घालून ऐकत होता. आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजींनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला काढला. पहिला पेला त्यांनी गाईडच्या हाती दिला. "घे बाबा, सकाळपासून बोलून घसा सुकला असंल." तो प्याला. मग आजी प्यायल्या, मग मुले. किल्ल्यातच, उघड्यावर, कुणाच्याही परवानगीवाचून. थोड्या वेळाने गाईडने गुरुजींना विचारले, "सर, हे कोणत्या पुस्तकात आहे? आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव गुरुजींनी सांगितले. बाबासाहेबांचे हे आत्मकथनपर लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्याने ते नाव मोबाईलमध्ये लिहून घेतले. पुढच्या एखाद्या गटाला तो ही गोष्ट सांगेल की नाही, हे आम्ही कसे सांगावे? परंतु आता त्याला ती ठाऊक आहे.

खुलताबादमार्गे वेरुळला पोहोचेतो दुपार झाली. बाहेर झाडाखाली भाकरी, ठेचा, पिठले खाऊन आम्ही आत गेलो. वेरुळला एकूण ३४ लेणी. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. प्रवेशद्वारातून आत गेले की समोरच १६ क्रमांकाचे कैलास लेणे दिसते आणि सगळी गर्दी तिकडे वळते. एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले ते काम थोरच आहे. पण अनेक सहली तेवढेच पाहून परत फिरतात. आम्ही आधीच ठरविले होते, सुरुवात क्रमांक एकपासून.

इसवी सनाच्या साधारण सहाव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकापर्यंत ही बौद्ध लेणी कोरली गेली. पाचव्या लेण्यात लांबच लांब दालन, आणि मधोमध दगडाचे दोन बुटके बाक टोकापर्यंत गेलेले. भिक्खू येथे समोरासमोर बसून भोजन करीत असावेत किंवा सुत्तपठण करीत असावेत, असे अभ्यासक म्हणतात. आमच्या मुलांनी लगेच दोन रांगा करून बसून पाहिले. पंक्तीत वरची जागा नाही, खालची जागा नाही. बाक सगळीकडे सारख्याच उंचीचा.

दहावे लेणे हे वेरुळमधले एकमेव चैत्यगृह. छताला दगडात कोरलेल्या फासळ्या अशा, की लाकडी तुळयाच वाटाव्यात. म्हणून लोक त्याला 'सुतार की झोपडी' म्हणत आले. सुतार मंडळी येथील मूर्तीला विश्वकर्मा समजून पूजत, म्हणून 'विश्वकर्मा लेणे' हेही नाव पडले. नाव बदलले, तरी मूर्ती बोलतेच. स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेले तथागत, हात धम्म उपदेशाच्या मुद्रेत. पहारेकऱ्याला विचारून, मेणबत्ती-अगरबत्ती न लावता, आम्ही खाली बसलो आणि त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज छतावर जाऊन असा घुमला, की तिसऱ्यांदा 'संघं सरणं गच्छामि' म्हणताना सर्वांचे आवाज आपोआप खाली आले. काही परगावचे पर्यटक दारात थांबले होते. आमचे संपेपर्यंत त्यांनी पायही हलविला नाही.

बारावे 'तीन ताल' लेणे म्हणजे तीन मजली विहार. वरच्या मजल्यावर बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत, सात-सातच्या. गुडघेदुखीमुळे आजी खालीच थांबतील असे आम्हाला वाटले होते. दोन मुलींनी हात धरला आणि त्या वर आल्या. रांगेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "एवढे सगळे आपले होते, आणि आपल्याला शंभर वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही." त्यावर कुणी काही बोलले नाही.

परतीच्या वाटेवर, सूर्यास्ताच्या आधी, आम्ही औरंगाबाद लेण्यांना पोहोचलो. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात, बीबी-का-मकबऱ्यापासून जवळ ही लेणी आहेत. वेरुळएवढी प्रसिद्ध नाहीत, म्हणून गर्दी कमी. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात जे पाहिले ते विसरता येणार नाही. समोर बुद्धमूर्ती, आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढ्या आकाराचे उपासक-उपासिका गुडघे टेकून, हात जोडून बसलेले. कुणाच्या हातात हार, बायकांच्या केसांची रचना वेगवेगळी, चेहरा प्रत्येकाचा निराळा. विहारात रविवारी वंदनेला बसणारी माणसेच जणू. दीड हजार वर्षांच्या आसपास ती अशी बसून आहेत. आमच्या महिला मंडळाने त्यांच्यामागेच बसकण मारली.

डोंगरावरून खाली शहराचे दिवे लागताना दिसतात. त्याच दिव्यांत नागसेनवन आहे. १९५० साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव दिले. राजा मिलिंद प्रश्न विचारीत राहिला आणि भिक्खू नागसेन उत्तरे देत राहिले. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा, ही त्या नावामागची शिकवण. आणि येथील विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या लोकांनी किती वर्षे काय सोसले, ते १४ जानेवारी १९९४चा नामविस्तार पाहिलेल्यांना सांगण्याची गरज नाही. मुलांना मात्र ते आम्ही तेथेच सांगितले.

समाजबांधवांना काही सूचना कराव्याशा वाटतात. वेरुळ मंगळवारी बंद असते, तारीख ठरविताना ते पाहावे. किल्ला सकाळच्या उन्हाआधी चढावा. पिण्याचे पाणी पुरेसे घ्यावे. लेण्यांत हळद-कुंकू, मेणबत्ती, खडू, नावे कोरणे कटाक्षाने टाळावे. भिंतीवर आपले नाव लिहिणारा आपलाच वारसा खरवडतो. बौद्ध लेण्यांना निवांत दोन तास द्यावेत. आणि गाईड घेतलाच, तर त्याचे ऐकावे व आपल्याकडची माहितीही त्याला द्यावी. दौलताबादला १९३४ची गोष्ट सांगितल्यावाचून मुलांना पुढे नेऊ नये. बाबासाहेबांना ज्या पाण्याला हात लावू दिला नाही, त्या किल्ल्यात आपली लेकरे आज मोकळेपणाने पाणी पितात. ते कुणामुळे, एवढे त्यांना ठाऊक असले म्हणजे सहलीची वर्गणी वसूल झाली.

नमो बुद्धाय! जयभीम!